अर्धा कप्पा

गेल्या महिन्यात शोळिंगनल्लूरच्या आमच्या नव्या फ्लॅटवर कपाटं करणारा माणूस आला होता. फ्लॅट मुलाचा आणि सुनेचा. त्यातली सगळ्यांत छोटी झोपायची खोली माझी. त्या खोलीच्या भिंतीत तीन फूट रुंदीचा एक खोलगट कोनाडा सोडलेला आहे, त्यात कपाट बसवायचं होतं. तो माणूस लॅपटॉप उघडून चित्रं दाखवू लागला. सरकणारं दार, आत आपोआप लागणारा दिवा, साड्या टांगायला बाहेर ओढता येणारी दांडी, खाली चपलांचा खण. "एवढ्याशा जागेत किती मावतं पाहा, अम्मा," असं तो तमिळमध्ये पुन्हापुन्हा सांगत होता. माझी सून मृण्मयी नाशिकची. नोकरीला म्हणून चेन्नईला आली आणि आमची झाली. तिने विचारलं, "आई, तुम्हाला किती कप्पे हवेत?" मी म्हणाले, "मला अर्धा पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. ती खळखळून हसली. आमची तंजावरकडची मराठी ऐकून तिला अजून हसू येतं आणि मीही तिला हसू देते. पण ते मी गमतीने म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं खरं, आणि मग त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही.

एवढ्याशा जागेत किती मावतं हे मला शिकवायला लॅपटॉप लागत नाही. ते मी आप्पांकडून शिकले आहे. आम्ही मांबळमला एका मोठ्या घराच्या मागच्या पोर्शनमध्ये भाड्याने राहत होतो. मद्रासमध्ये तेव्हा निम्मं गाव असंच पोर्शनमध्ये राहायचं. एक स्वयंपाकघर, एक झोपायची खोली, पुढे एक चिंचोळा व्हरांडा आणि चार बिऱ्हाडांत मिळून एक हातपंप. सकाळी साडेचारपासून त्या पंपाची कुरकुर सुरू व्हायची आणि रिकाम्या कुडमांचा, म्हणजे त्या पोटाळ कळशांचा, एकमेकांवर आपटल्याचा आवाज. थोड्या वेळाने पलीकडून लोकल गाडी जायची आणि खिडकीची काच थरथरायची. मग आईच्या कढईत उडीद भाजल्याचा वास यायचा. त्याचं पीठ करून ताकात कालवलं की डांगर पचडी. आठवड्यातून चारदा तरी आम्ही तीच खात होतो आणि कंटाळत नव्हतो. घरात माणसं चार: आप्पा, आई, माझी थोरली बहीण वत्सला आणि मी, सरोजा. वत्सलाला मी अक्का म्हणायची. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. माझ्या केसांतल्या उवा तिनेच काढल्या, पाढे तिनेच म्हणून घेतले आणि शाळेत मी मार खाऊन आले की जाऊन बाईंशी तीच भांडून यायची.

चौघांना मिळून कपाट एकच. झोपायच्या खोलीत, भिंतीतलं, हिरव्या दारांचं, आत चार कप्पे. आप्पा एका कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होते. दिवसभर मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन या कपाटाचा संसार करायचे. सगळ्यांत वरचा कप्पा त्यांचा, दुसरा आईचा, तिसरा आम्हा दोघींचा आणि खालचा नवरात्रात कोलूत मांडायच्या बाहुल्यांचा. जुन्या धोतरांत गुंडाळलेल्या त्या मातीच्या बाहुल्या आप्पा अशा काही रचत की एकीच्या कुशीत दुसरी बसावी. पोकळ बाहुल्यांच्या पोटात कापराच्या आणि वेखंडाच्या पुड्या. दाराच्या आतल्या बाजूला रिकाम्या दोऱ्याच्या रिळांच्या खुंट्या, त्यांवर आमच्या रिबिनी आणि आईच्या परकरांच्या नाड्या. कपड्यांच्या घडीसाठी त्यांनी कॅलेंडरचा पुठ्ठा नऊ इंच रुंद कापून ठेवला होता. प्रत्येक कपडा त्या पुठ्ठ्याभोवती गुंडाळायचा, तळहाताने वारा काढायचा आणि पुठ्ठा अलगद ओढून घ्यायचा. "वारा भरून ठेवूं नका गे, कपडे ठेवा," हे त्यांचं रोजचं वाक्य. अक्काला ती घडी सुरेख जमायची. माझी कायम एका बाजूने फुगायची.

आमच्या कप्प्याच्या मधोमध आप्पांनी लाकडाची एक पातळ पट्टी दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून बसवली होती. डावीकडचा अर्धा अक्काचा, उजवीकडचा माझा. आणि दाराच्या आत कपाटाचा एक नकाशा चिकटवलेला होता, मोजमापासकट, त्यात कोणाचा कप्पा कुठला ते सुंदर अक्षरात लिहिलेलं. सगळ्या रेघा शाईच्या, नावं मात्र पेन्सिलीची. मी एकदा विचारलं, नावं कच्ची कशाला? तर म्हणाले, "माणसें येतात, जातात. कपाट तेंच राहतें." त्यांना ते वाक्य फार आवडलं असावं, कारण पाहुण्यांनाही ते ऐकवायचे.

अक्काचं लग्न झालं आणि ती गुम्मिडिपूंडीला गेली. नवरा तिथल्या कारखान्यात कामाला, घरात सासू आणि एक दीर. लग्नाची माणसं पांगली त्याच संध्याकाळी आप्पांनी पक्कड आणून मधली पट्टी उपटली, तिच्या जागी दोन छोटी भोकं राहिली. खोडरबराने नकाशावरचं "वत्सला" पुसलं आणि पूर्ण कप्प्यावर "सरोजा" लिहिलं. आई तोंडाला पदर लावून रडत होती. मीही रडत होते, पण रडता रडता कपाटाकडे पाहत होते. ही लाज मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी चौदा वर्षांची होते. माझं म्हणावं असं त्या घरात काही नव्हतं. अंथरूण अक्काबरोबर, ताट आईबरोबर, पुस्तकं अक्काची जुनी, परकरावर नेसायच्या अर्ध्या साड्या, म्हणजे दावण्यासुद्धा अक्काच्याच. त्या दिवशी पहिल्यांदा एक पूर्ण जागा माझी झाली. पुढचे कितीतरी दिवस मी उगाचच कपाट उघडून उभी राहायची.

वर्षभराने अक्का आली. सण नव्हता, काही नव्हतं. दुपारची व्हरांड्यात उभी, हातात लग्नातली हिरव्या रेक्झिनची पेटी. आईने तिच्या मागे जावई दिसतो का पाहिलं. नव्हता.

इथे आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. लग्न झालेली लेक माहेरी आली की तिचे कपडे माहेरच्या कपाटात ठेवायचे नाहीत. चार दिवस राहो की चाळीस, तिची पेटी खोलीच्या दाराशी भिंतीला लागून उभी राहणार आणि ती त्यातून कपडे काढून घेणार. पेटी दाराशी आहे म्हणजे ती परत जाणार आहे, असा त्याचा अर्थ. कपडे कपाटात गेले की लेक घरी बसली. ही रीत कुठल्या पोथीत असेल असं मला वाटत नाही. पण आईच्या आईने पाळली, आईने पाळली, आणि तंजावरहून मद्रासला येताना कितीतरी सामान मागे राहिलं तरी ही रीत तेवढी बरोबर आली. अक्का अंघोळीला निघाली की दाराशी उकिडवी बसायची, पेटीच्या दोन्ही कड्या उघडायची. खट्, खट्. कपडे काढून पुन्हा खट्, खट्. आता सगळ्या बॅगांना चेन असते हे माझ्या दृष्टीने फार बरं झालं आहे.

काय झालं ते तिने मला एका दुपारी सांगितलं. आम्ही दोघी पंपाशेजारी कपडे पिळत होतो. लग्नानंतरच्या तिसऱ्या महिन्यात पाहुण्यांसमोर ती सासूला काहीतरी उलट बोलली. किती क्षुल्लक ते तिलाही नीट आठवत नव्हतं. त्या दिवसापासून त्या घरात तिच्याशी कोणी बोललं नाही. सासू नाही, दीर नाही, नवरा नाही. काम सांगायचं झालं तर हवेत बोलायचे: पाणी तापलं पाहिजे, डबा झाला पाहिजे. नऊ महिने. "सरू, मी रोज माझें नांव मीच एकदां घेतें," ती म्हणाली, "नाहींतर विसरेन असें वाटतें." आणि पिळलेला टॉवेल तिने झटकला. मला त्या वयात ते नीट कळलं नाही. आज कळतं, आणि वाटतं की पिळलेले कपडे तिथेच टाकून तिला धरून ठेवायला हवं होतं.

आईला तिने हेच सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मारतात कीं? उपाशी ठेवतात कीं? पितो कीं तो? मग काय होणा तुला?" काय हवंय तुला, असं ती विचारत होती. मग आई माझ्याकडे पाहून, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक लेक घरांत बसली तर दुसरीला पाहायला कोण येतील?" आई दुष्ट नव्हती. अक्काला आवडतो म्हणून त्या दिवसांत ती रोज मेतकूट-भात कालवून तिच्या हातात आयता देत होती. पण पेटी दाराशीच राहिली पाहिजे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

आप्पा मात्र डगमगत होते. अक्काला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घालावं असं ते आईला हळूच म्हणाल्याचं मी ऐकलं होतं. आणि मग एका शनिवारी दुपारी, आई देवळात गेलेली असताना, अक्का माझ्याजवळ येऊन बसली.

"सरू, अर्धा कप्पा दे गे मला. पहिला होता तेवढाच. पोदुम."

मी म्हणाले, "आप्पांना विचार."

"विचारलें. उद्यां सकाळी पाहतों म्हणाले. कपाटांत जागा असली तर राहा म्हणाले." हे सांगताना ती हसली. वर्षभरात तिचं ते पहिलं हसू मी पाहिलं. तिची खात्री होती. आप्पांना जागा सापडत नाही असं कधी झालं होतं?

थोड्या वेळाने ती शेजारच्या बिऱ्हाडात शिवणाच्या मशीनवर काही टाके मारायला गेली आणि मी कपाट उघडलं. माझ्या कपड्यांनी खरं तर अर्धाही कप्पा भरत नव्हता. शाळेचे दोन गणवेश, तीन पावाडे, म्हणजे लांब परकर, चार दावण्या आणि किरकोळ. मी ते सगळे बाहेर काढले. पुठ्ठा बाजूला ठेवला. प्रत्येक कपड्याची फक्त एक घडी घातली, दोन नाही, आणि आत वारा राहील असे हलक्या हाताने एकावर एक ठेवले. मागे मिठाईचे दोन रिकामे खोके आणि जुन्या वह्या लावल्या. उशीचा एक अभ्रा कागद भरून फुगवला. कप्पा काठोकाठ भरला. आप्पांनी आयुष्यभर थोड्या जागेत खूप कसं मावतं ते शिकवलं होतं. थोड्या कपड्यांनी खूप जागा कशी अडवावी हे माझं मीच शोधून काढलं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की माझं लग्न अडेल या भीतीने मी तसं केलं, आईचं बोलणं मनात बसलं होतं. खोटं आहे ते. लग्न कोणाला आठवत होतं! मला माझा कप्पा द्यायचा नव्हता.

रविवारी सकाळी आप्पांनी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून कपाट उघडलं. कानावर पेन्सिल, हातात फूटपट्टी. आई दाराशी हाताची घडी घालून उभी. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात विळीवर गवारीच्या शेंगा निवडत, चिरत बसली होती आणि मान वर करत नव्हती. आप्पांनी वरचा कप्पा मोजला, दुसरा मोजला, वाकून बाहुल्या मोजल्या. मग माझ्या कप्प्यापाशी आले. फूटपट्टी लावली नाही. कपड्यांच्या ढिगावर त्यांनी तळहात ठेवला आणि दाबला. ढीग चार बोटं खाली गेला. त्यांनी हात तसाच ठेवला, बराच वेळ. मागच्या खोक्यांवर त्यांची नजर गेली, मग माझ्यावर, मग दाराशी उभ्या असलेल्या आईवर. मग त्यांनी हात काढून घेतला आणि ढीग हळूहळू पुन्हा वर आला.

"जागा नाहीं," आप्पा म्हणाले.

विळीचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अर्ध्या इंचाने रेघ चुकली तर अख्खा नकाशा फाडणारा माणूस तो. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी रडून सगळं बाहेर काढलं असतं. विचारलं नाही, कारण त्यांनाही ते सोयीचं पडलं. आईला नाही म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती आणि अक्काला नाही म्हणायचीही नव्हती. माझ्या कप्प्याने त्यांची सुटका केली. हे लिहिताना मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की लगेच वाटतं, त्यांचा हात माझ्याच कपड्यांवर होता.

मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा दाराशी पेटी नव्हती. आप्पा रजा घेऊन अक्काला सोडायला गेले होते. आईने चिंचेचा भात बांधून दिला होता, त्याचा वास अजून घरात होता. मी कपडे बदलायला कपाट उघडलं. माझे सगळे कपडे पुठ्ठ्याच्या घडीत होते. नऊ इंच, कडेला कड, वारा काढलेले. खोके खाली एकात एक बसवलेले, अभ्रा रिकामा करून घडी घातलेला. सगळं उजवीकडे. डावीकडे, पट्टीच्या चुकांची ती दोन भोकं होती तिथपर्यंत, कप्पा रिकामा होता. त्यात अक्काने तिचं काहीच ठेवलं नव्हतं. मला ती एक शब्द बोलली नाही, कोणाजवळ तक्रार केली नाही. जाण्याआधी माझे कपडे तेवढे आवरून गेली.

आणि मी काय केलं? आप्पा यायच्या आत मी त्या घड्या मोडल्या. सगळे कपडे पुन्हा पसरून ठेवले, आधीसारखे, कप्पा भरून.

आठ महिन्यांनी गुम्मिडिपूंडीहून एक माणूस निरोप घेऊन आला. कावीळ. आम्ही गाडीने पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. महिनाभर तिला अन्न जात नव्हतं, डोळे पिवळे झाले होते, असं शेजारीण सांगत होती. घरातल्यांच्या लक्षात आलं नाही म्हणे. बरं वाटत नाही हे सांगायला समोर कोणी ऐकणारं लागतं. त्या दिवशी मात्र त्या घरात सगळे बोलत होते. सासू बोलत होती, दीर बोलत होता, नवरा आप्पांचे हात धरून "वत्सला, वत्सला" म्हणत होता. आई भिंतीला टेकून बसली आणि संध्याकाळपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. परत आल्यावर घरात अक्काचं नाव निघेनासं झालं. आप्पांनी कपाट आवरायचं सोडून दिलं. त्या वर्षी कोलूच्या बाहुल्या तशाच कोंबून ठेवल्या गेल्या आणि त्यांतल्या दोन बाहुल्यांचे हात तुटले.

माझं लग्न ठरलं ते पाच वर्षांनी. अडलं नाही काही. आमच्यात लग्नाआधी घरात सुवासिनींची पूजा करतात. घरातल्या ज्या लेकीसुना कुंकवासकट गेल्या त्यांना बोलावायचं, त्यांच्या नावाने एक नवं लुगडं पाटावर मांडायचं, पंक्तीत त्यांचं पान वाढायचं आणि नंतर ते लुगडं घरच्या लेकीने नेसायचं. त्यांनीच दिलं असं समजायचं. आई आदल्या आठवड्यात जाऊन लुगडं घेऊन आली. जांभळं, मोहरीसारख्या बारीक बुट्ट्यांचं. अक्काला जांभळा रंग आवडायचा. पूजेपर्यंत त्याला कोणाचा हात लागायचा नाही, म्हणून कपाटात ठेवायचं होतं. आईने दार उघडलं, माझा कप्पा पाहिला आणि दोन्ही हातांनी माझे सगळे कपडे उजवीकडे सारले. एका दमात. डावीकडे अर्धा कप्पा मोकळा झाला. "हें पाहा, आहे कीं जागा," आई सहज म्हणाली आणि लुगडं तिथे ठेवलं. म्हणाली, आणि तिचा हात तिथेच राहिला. मी आप्पांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर पाहत होते, आणि बाहेर पाहण्यासारखं तिथे फक्त पंप होता.

पूजेच्या दिवशी मी न्हाऊन पाटासमोर बसले. पाटावर अक्काचं लुगडं, त्यावर कुंकू, मोगऱ्याचा गजरा. पंक्तीतल्या तिच्या पानावर आईने मेतकूट-भात वाढला होता, तो कुठल्याही शास्त्रात बसत नव्हता, पण भटजी काही बोलले नाहीत. मग आईने लुगडं उचलून माझ्या ओंजळीत दिलं. ते घेताना ज्यांनी दिलं त्यांचं नाव घ्यायचं असतं, मोठ्याने, तीन वेळा.

"म्हण, सरू," ती म्हणाली, "अक्कानें दिलें म्हण."

मी म्हणाले. अक्कानें दिलें. अक्कानें दिलें. तिसऱ्यांदा म्हणताना मला त्या मंगळवारचा कप्पा दिसला, उजवीकडच्या त्या नीट घड्या आणि डावीकडची ती रिकामी जागा, आणि माझं तोंड मिटलं. सगळ्यांना वाटलं, लग्नघरची मुलगी आहे, रडू आलं असेल.